राऊटरचा बिट पुन्हा पुन्हा सरकतो : जुने यंत्र घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर करायची तपासणी

राऊटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खाच मारणाऱ्या विजेच्या यंत्राने, १८ मिमीच्या प्लायमध्ये कपाटाच्या पाठीसाठी ६ मिमी खोल खाच मारायला घ्यावी, पहिल्या फुटावर मोजले तर खोली बरोबर ६ भरावी आणि आठ फुटांच्या दुसऱ्या टोकाला तीच खाच ८ मिमीच्याही पुढे गेलेली आढळावी, हा दोष ज्याला एकदा भेटतो त्याला तो बहुधा पुन्हा भेटतोच. पहिल्या वेळी बिट (खाच मारणारे पाते) धरणारा नट सैल राहिला असेल असे समजून आपण तो जोरात आवळतो, दुसऱ्या वेळी पान्याच्या दांड्याला पाइप लावतो आणि तिसऱ्या वेळी स्वतःच्या हातावर शंका घेतो. वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात माझ्याकडे हे चार वेळा झाले. दोन पाट्या वाया गेल्यावर शेजारच्या गाळ्यातले मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाले, "भाऊ, हात सैल पडतोय तुमचा." हात सैल पडत नव्हता, पण ते सिद्ध करायला मला तीन आठवडे लागले.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतले फर्निचरचे एक युनिट बंद होत असताना मी तो प्लंज राऊटर, म्हणजे मोटर दोन दांड्यांवर खाली-वर सरकणारा राऊटर, घेतला होता. घेताना मोटरचा आवाज ऐकला, कार्बनच्या ठिणग्या पाहिल्या, वायर कुठे चिरली आहे का ते तपासले आणि ज्या जागी बिट धरला जातो त्या जागेकडे ढुंकूनही पाहिले नाही. आज जुना राऊटर पाहायला जातो तेव्हा मी नेमका उलट क्रम लावतो. कार्बन, स्विच, वायर आणि बेअरिंग या सगळ्या गोष्टी ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणताही बरा दुरुस्तीवाला बदलून देतो, आर्मेचरही पुन्हा भरून मिळते. पण स्पिंडलच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्याच्या, तोंडाचा आतला निमुळता भाग एकदा खराब झाला की तो परत पहिल्यासारखा करून देणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : खाच अधिक खोल होत गेली की उथळ होत गेली? हातात धरून चालवलेल्या प्लंज राऊटरमध्ये स्प्रिंगा मोटरला सतत वर ढकलत असतात आणि खाली जाण्याची मर्यादा खोलीच्या दांड्याने बांधलेली असते. त्यामुळे मोटर त्या खोलीवर रोखणारी प्लंजची कळ नीट पकड घेत नसेल तर मोटर वर सरकते आणि खाच उथळ होते. खाच खोल होत चालली असेल आणि खोलीचा दांडा पक्का असेल, तर बिटच कॉलेटमधून, म्हणजे नटाच्या आत बिटाचा दांडा आवळून धरणाऱ्या बाहीतून, बाहेर येत आहे, असे जवळजवळ निश्चित धरावे. राऊटर टेबलाखाली उलटा बसवलेला असेल तर मोटरचे वजन आणि स्प्रिंगा दोन्ही तिला खाली ओढतात, म्हणजे तिथेही कळ सुटली तर खाच उथळच होणार. ट्रिमरची, म्हणजे लहान राऊटरची, गोष्ट वेगळी आहे, कारण त्याची मोटर बेसमध्ये नुसती आवळलेली असते आणि ती थरथरीने कोणत्याही दिशेला सरकू शकते.

अंदाजावर थांबायचे नसेल तर बारीक मार्कर पुरेसा आहे. प्लग काढून बिट बसवावा, नट आवळावा आणि बिटाचा दांडा नटातून जिथे बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती एक रेघ ओढावी. मग दांड्यावरून नटावर जाणारी दुसरी उभी रेघ ओढावी. ट्रिमर असेल तर मोटरच्या अंगावर आणि बेसवर मिळून आणखी एक रेघ हवी. फूटभर खाच मारून, प्लग पुन्हा काढून पाहावे. गोल रेघ नटापासून दूर गेली असेल तर बिट बाहेर येत आहे. ती नटात गेली असेल तर बिट आत ढकलला जात आहे, आणि बिट थेट लाकडात खाली उतरवताना किंवा चुरा खाली दाबणाऱ्या उलट्या पिळाच्या बिटाने असे होते. उभी रेघ तुटली असेल तर बिट कॉलेटमध्ये नुसता गरगरतो आहे, आणि तसे असेल तर त्या दिवशी काम तिथेच थांबवावे. ५० मिमी व्यासाचा बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांवर फिरतो तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. असा बिट सुटला तर तो कुठे जाईल हे कोणाच्याही हातात उरत नाही.

माझ्याकडे गोल रेघ पहिल्याच फुटात नटापासून जवळजवळ अर्धा मिलिमीटर दूर गेली होती.

सूत, इंच आणि मिलिमीटर

आपल्याकडे या दोषाचे सर्वांत मोठे कारण यंत्रात नसते, ते आपल्या बोलण्यात असते. सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १२ मिमीच्या प्लायला आपण सर्रास चार सूत किंवा अर्धा इंच म्हणतो, ६ मिमीच्या प्लायला दोन सूत किंवा पाव इंच म्हणतो, आणि प्लायच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. तीच सवय बिटाच्या दांड्याला लागली की मात्र घोटाळा होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६.३५ चा दांडा ६ च्या कॉलेटमध्ये जातच नाही, म्हणून ती चूक लगेच कळते. उलट बाजूने, १२ मिमीचा दांडा १२.७ च्या कॉलेटमध्ये अलगद जातो, नट आवळला की घट्ट बसल्यासारखाही वाटतो, हाताने ओढून निघत नाही आणि पहिले दोन-तीन फूट निमूटपणे कामही करतो. प्रत्यक्षात कॉलेटच्या पाकळ्या इतक्या मिटाव्या लागतात की त्या दांड्याला लांबीभर धरण्याऐवजी केवळ एका काठाने चावतात.

बाजारात दोन्ही मापांचे बिट शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि दुकानदारही "अर्ध्याचा" म्हणून कोणताही काढून देतो. यात लबाडी नसते, भाषाच तशी पडली आहे. जुन्या यंत्रासोबत मिळणाऱ्या डब्यात तर दोन्ही मापे हमखास मिसळलेली असतात. म्हणून डबा घरी आणल्यावर पहिल्यांदा प्रत्येक दांडा व्हर्नियरने मोजावा आणि रंगाच्या ठिपक्याने वेगळा करावा. मी १२ ला लाल आणि १२.७ ला पांढरा ठिपका देतो. कॉलेटवर माप कोरलेले असते, पण जुन्यावर ते अनेकदा झिजलेले असते. अशा वेळी माप माहीत असलेले दांडे आत घालून पाहावे. नट न आवळता दांडा आत खडखडत असेल, तर ते कॉलेट त्या दांड्याचे नव्हे.

माझ्या डब्यातले नऊपैकी सहा बिट १२ चे निघाले आणि यंत्राचे कॉलेट १२.७ चे. दोष सापडला असे मानून मी मशीद बंदराजवळच्या नागदेवी स्ट्रीटवरून त्या मॉडेलचे १२ चे कॉलेट आणले आणि निश्चिंत झालो. पुढच्याच रविवारी खाच पुन्हा खोल गेली.

नवे कॉलेट घालूनही दोष राहिला तर

कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली पोलादी शंकूची बाही. नट तिला स्पिंडलच्या निमुळत्या तोंडात ढकलतो, चिरा मिटतात आणि आतले भोक दांड्यावर आवळले जाते. ही पकड सगळी घर्षणाची आहे. ड्रिलच्या चकासारखे तीन जबडे इथे नाहीत. त्यामुळे आतला पृष्ठभाग, दांडा आणि स्पिंडलचा निमुळता भाग या तिघांपैकी एकानेही दगा दिला की नट कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. जास्त आवळल्याने उलट नटाचे आटे आणि कॉलेटच्या कडा खराब होतात. पान्याला पाइप लावून मी नेमके हेच केले होते.

माझ्या नव्या कॉलेटचा घात जुन्या बिटाने केला. चुकीच्या कॉलेटमध्ये महिनाभर घसरलेल्या त्या बिटाच्या दांड्यावर काळपट-तपकिरी कडी उमटली होती आणि बोटाने चाचपल्यावर बारीक ओरखडे लागत होते. असा ओरखडलेला दांडा नव्या कॉलेटमध्ये आवळला की त्याचे उंचवटे आतल्या गुळगुळीत भोकाला खरवडतात, मग ते खरवडलेले कॉलेट पुढच्या चांगल्या बिटाला खराब करते आणि रोगाची लागण व्हावी तसा दोष एका वस्तूतून दुसरीत जात राहतो. दोष "पुन्हा पुन्हा" येण्याचे हे कारण सहसा कोणी सांगत नाही. बिट कितीही महाग असो, दांड्यावर नखाला अडेल असा ओरखडा असेल तर तो टाकून द्यावा. पॉलिश पेपरने घासून तो वाचवण्याचा मोह होतो, पण घासलेला दांडा मापाने लहान आणि आकाराने थोडा अंडाकृती होतो.

दुसरे कारण आहे साचलेली राळ. पाणीरोधक प्लायमधला फेनॉलिक गोंद आणि सागवानातला तेलकटपणा बारीक भुशाबरोबर चिरांमध्ये शिरतो, उष्णतेने भाजून तपकिरी कवचासारखा घट्ट होतो आणि कॉलेटला सगळीकडे सारखे मिटू देत नाही. ते काढायला थिनरमध्ये थोडा वेळ भिजवून पितळी ब्रश फिरवावा, आतल्या भोकासाठी त्या मापाचा गोल ब्रश वापरावा आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. लोखंडी तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर आत घालू नये. गंज लागू नये म्हणून अनेक जण कॉलेटला तेल लावून ठेवतात; काम सुरू करण्यापूर्वी ते पूर्ण पुसले नाही, तर घर्षणावर चालणाऱ्या वस्तूला आपणच वंगण दिले असे होते.

तिसरे कारण बसवण्याच्या पद्धतीत आहे. बिट पूर्ण आत, तळाला टेकेपर्यंत घालून नट आवळण्याची सवय बहुतेकांना असते. नट आवळताना कॉलेट आत सरकते आणि बिटालाही किंचित आत ओढते. तळाला टेकलेला बिट आत जाऊ शकत नाही आणि पकड अर्धवट राहते. म्हणून दांडा पूर्ण आत घालून मग २ ते ३ मिमी बाहेर ओढावा आणि आवळावा. दांडा जिथे पात्याला मिळतो तिथली गोलाई कॉलेटच्या तोंडात येऊ देऊ नये. खोली पुरत नाही म्हणून बिट फार बाहेर काढून ठेवणे हेही तितकेच वाईट. कॉलेटच्या लांबीचा निदान तीन-चतुर्थांश भाग दांड्याने भरलेला असला पाहिजे.

काही यंत्रांचे कॉलेट नटात टचकन बसते आणि दोन टप्प्यांत सुटते : नट सैल होतो, पुन्हा घट्ट लागतो आणि त्यानंतर खरा सुटतो. हे माहीत नसलेला माणूस पहिल्या टप्प्यावर थांबतो आणि अडकलेला बिट हातोडीने ठोकतो. विकायला आलेल्या यंत्राच्या नटावर ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर ते यंत्र अशा हातांतून गेले आहे हे समजावे. रिकामे कॉलेट आवळून ठेवण्याची पद्धतही अशीच घातक आहे, कारण आत दांडा नसताना पाकळ्या गरजेपेक्षा जास्त मिटतात आणि तशाच राहतात.

पिळाचा, चुरा वर उचलणारा बिट स्वतःलाच कॉलेटमधून बाहेर खेचतो. सरळ पात्याच्या बिटाने महिने गेले आणि पिळाचा बिट लावताच दोष उघड झाला, तर पिळाच्या बिटाला दोष देऊ नये. त्याने फक्त झिजलेली पकड दाखवून दिलेली असते.

विकणाऱ्याच्या दारात

दुसरा राऊटर शोधताना मी पिशवीत चार वस्तू घेऊन जात होतो : व्हर्नियर, चुंबकी स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल गेज (फिरत्या वस्तूचे सूक्ष्म डुलणे काट्याने दाखवणारे मापक), बिटाऐवजी कॉलेटमध्ये आवळायच्या, ग्राइंड केलेल्या १२ आणि १२.७ मिमीच्या दोन सरळ पिना आणि लहान टॉर्च. रबाळ्याला पाहिलेल्या पहिल्या यंत्राचा मालक हा सरंजाम पाहून हसला, पण त्याने अडवले नाही, आणि जो अडवतो त्याच्याकडून यंत्र घेऊ नये असे माझे मत आहे.

प्लग काढायचा, नट आणि कॉलेट बाहेर काढायचे आणि टॉर्च मारून स्पिंडलच्या तोंडात पाहायचे. आतला निमुळता भाग एकसारखा राखाडी, गुळगुळीत असावा. आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा असतो. त्यामुळे बंद गाळ्यात पडून राहिलेल्या यंत्राच्या नेमक्या याच जागी गंजाचे ठिपके पडतात. वरवरचा तांबूस थर पुसून जातो आणि त्याची चिंता नसते. नखाला लागणारे खड्डे असतील तर नवे कॉलेटही तिथे नीट टेकणार नाही. फिरल्यामुळे घासून उमटलेली चकचकीत कडी दिसली, तर कॉलेट स्पिंडलमध्ये घसरलेले आहे. शंका राहिली तर कॉलेटच्या बाहेरच्या अंगावर मार्करने तीन-चार उभ्या रेघा ओढून, पिन घालून आवळून पुन्हा काढावे. रेघा लांबीभर पुसट झाल्या असतील तर टेकण चांगले आहे, फक्त एका टोकाला पुसल्या असतील तर नाही.

त्यानंतर पिन आवळून डायल लावायचा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवायचे. एकदा नटाजवळ आणि एकदा नटापासून २५ मिमीवर, असे दोनदा मोजावे. दूरच्या जागी काटा ०.०५ मिमीच्या आत हलत असेल तर मी समाधानी असतो, आणि ०.१ च्या पुढे गेला तर पुढची चौकशी केल्याशिवाय पैसे काढत नाही. चौकशी अशी : काटा सर्वांत पुढे जातो ती जागा पिनेवर, कॉलेटवर आणि स्पिंडलवर खूण करून ठेवावी, मग पिन पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे. उंच जागा पिनेबरोबर फिरली तर पिनच वाकडी आहे. पिन तशीच ठेवून कॉलेट पाव फेरा फिरवल्यावर उंच जागा कॉलेटबरोबर गेली तर कॉलेट गेले आहे, आणि ते यंत्र अजूनही घेण्याजोगे आहे, अर्थात नव्या कॉलेटची किंमत वजा करून. काहीही फिरवले तरी उंच जागा स्पिंडलच्या त्याच खुणेवर राहिली तर स्पिंडल वाकले आहे. रबाळ्याचे यंत्र असेच निघाले. रंग चकचकीत, डबा मूळचा, माहितीपुस्तिकाही सोबत, आणि काटा ०.२२ वर. कधीतरी बिट बसवलेल्या अवस्थेत ते खाली पडले असावे.

डायल नसेल तर एमडीएफच्या तुकड्यावर, पट्टीला लावून, एकाच दमात आणि परत न फिरता एक खाच मारून पाहावी. आधी बिटाचा व्यास मोजलेला असावा, मग खाचेची रुंदी मोजावी. १२ च्या बिटाने १२.१ ची खाच येणे ठीक आहे, १२.३ आली तर कुठेतरी डुलते आहे. ही चाचणी डायलइतकी बोलकी नाही, कारण ती दोष कॉलेटचा की स्पिंडलचा हे सांगत नाही, पण भुलवणीपासून वाचवते.

बेअरिंगसाठी नट दोन बोटांत धरून आडवा हलवावा. टक् असा ढिलेपणा जाणवला तर ते बदलावे लागणार. ढिल्या बेअरिंगमुळेही डायलचा काटा हलतो, फक्त तो एका जागी पक्का न राहता हाताच्या दाबाप्रमाणे बदलतो, हा फरक ध्यानात ठेवावा. नवे बेअरिंग घेताना जुन्यावर कोरलेला क्रमांक वाचून घ्यावा : ६००३ किंवा ६२०२ यांसारख्या क्रमांकांचे शेवटचे दोन अंक भोक सांगतात, ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. रबरी झाकणाच्या बेअरिंगची वेगमर्यादा पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगपेक्षा बहुधा कमी असते, आणि राऊटरच्या फेऱ्या पाहता हा मुद्दा दुकानात विचारायलाच हवा.

मोटरबद्दल थोडक्यात : कार्बनखाली बारीक निळसर ठिणगी चालते, कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या भागाभोवती) पूर्ण आगीचे कडे दिसले तर नको. वेगाचे चक्र फिरवल्यावर आवाज खरोखर बदलतो का ते ऐकावे, कारण मोठ्या व्यासाचे बिट कमी वेगावरच चालवायचे असतात. पाटीवर ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलेले परदेशी यंत्र स्वस्त मिळते, पण आपल्या २३० व्होल्टच्या घरात त्याला जड ट्रान्सफॉर्मर लागतो. तो गृहीत धरून सौदा करावा. प्लंजच्या दोन दांड्यांवरचा गंज आणि कळ लावल्यावर हँडल दाबून पाहणे, एवढे पाच मिनिटांत होते.

पाटीवरचा मॉडेल क्रमांक टिपून घेऊन त्याचे कॉलेट आणि नट बाजारात मिळतात का हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे. शंकूचा कोन आणि नटाचे आटे कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे एकाचे कॉलेट दुसऱ्याला बसेलच असे नाही. बंद पडलेल्या मॉडेलचे निकोस यंत्रही, त्याचे कॉलेट मिळत नसेल तर, मी घेत नाही.

शेवटी जो राऊटर घेतला तो कळव्याच्या एका निवृत्त सुतारकाकांचा होता. अंगावर फेविकॉलचे डाग, हँडलला चिकटपट्टी गुंडाळलेली आणि वायर दोनदा जोडलेली. पण कॉलेट वर्तमानपत्रात वेगळे गुंडाळून ठेवलेले, आणि काटा ०.०३ वर. किंमत विचारली तेव्हा काका म्हणाले, "आधी बिट लावून बघ, मग बोलू." वायर मी त्याच संध्याकाळी बदलली. तुर्भ्याचे पहिले यंत्रही नव्या कॉलेटसह आणि दांडे तपासलेल्या बिटांसह अजून चालते आहे. फक्त ते आता टेबलाखाली बसवले आहे आणि दर महिन्याला त्याच्या नटाजवळ मार्करची रेघ ओढून पाहतो.